‘यात कळण्यासारखं काय आहे?’ : समकालीन कला बघताना होणाऱ्या गोंधळाविषयी

२०१७च्या जानेवारीत, केरळात साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कोची बिएनाले या कलाप्रदर्शनात, फोर्ट कोचीतल्या अ‍ॅस्पिनवॉल हाउसमध्ये मी आणि माझी आत्या एका जुन्या वखारीच्या दारात चपला काढून उभ्या होतो. वखारीची जमीन दिसत नव्हती, सगळीकडे पाणी. पार पलीकडच्या भिंतीवर काहीतरी लिहिलेलं होतं, पण दारातून ते वाचता येत नव्हतं. वाचायचं तर पाण्यात उतरून शेवटपर्यंत चालत जायला हवं. आत्यानं साडी वर खोचली, माझा हात धरला आणि आम्ही उतरलो.

पाणी पोटरीपर्यंत होतं. सगळेच सावकाश चालत होते, कारण पाण्यात भरभर चालताच येत नाही. बाजूच्या भिंतींवर मोजकेच शब्द होते. ऐकत नाहीस का, बघत नाहीस का, अशा अर्थाचे प्रश्न. शेवटच्या भिंतीपाशी पोचल्यावर कळलं की ही सगळी वाट गालिब कुर्दी नावाच्या पाच वर्षांच्या मुलासाठी आहे. सप्टेंबर २०१५मध्ये सीरियातल्या एका कुटुंबाची नाव तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलटली. त्यातल्या धाकट्या मुलाचा, आलानचा, वाळूवर पालथा पडलेला फोटो जगभर गेला. गालिब त्याचा थोरला भाऊ. तोही त्याच वेळी बुडाला, आईही बुडाली, वडील तेवढे वाचले. गालिबचा तसा फोटो मात्र जगानं पाहिला नाही. चिलीचे कवी राउल झुरिता यांनी ‘दुःखाचा समुद्र’ ही कलाकृती त्याच्यासाठी केली होती. झुरिता स्वतः १९७३च्या लष्करी उठावानंतर पकडले गेले होते आणि त्यांना एका जहाजात डांबून ठेवलं होतं. पाणी त्यांनी उगाच निवडलेलं नाही.

परतताना आत्या काही बोलली नाही. बाहेर येऊन पाय पुसताना मात्र चिडून म्हणाली, “एवढ्या पाण्यातनं चालवत न्यायचं आणि शेवटाला हे वाचायला द्यायचं? हे काय बरं नाही केलं यांनी.”

तासाभरानं आम्ही अंगणातल्या एका पिरॅमिडपाशी आलो. स्लोव्हेनियाचे कवी अलेश श्टेगर यांचा ‘हद्दपार कवींचा पिरॅमिड’. बाहेरून शेणामातीनं सारवलेला, आत काळोखी बोळ आणि त्यात घुमणारे आवाज. आत्याची सगळी हयात साताऱ्याजवळच्या गावात गेली. तिनं आधी भिंतीवर हात फिरवला, जवळ जाऊन वास घेतला आणि सारवण कसं झालंय ते मला नीट समजावून सांगितलं. आत मात्र ती पाच पावलं गेली आणि मागे फिरली. “कोण बोलतंय?” “कवी आहेत. आपापल्या देशांतून हाकलून दिलेले.” “मग काय म्हणतायत?” ते मलाही सांगता येत नव्हतं. त्यानंतरच्या व्हिडिओच्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये ती बाकावर बसून राहिली आणि म्हणाली, तू बघून ये. मीही दोन मिनिटं बघून परत आले.

संध्याकाळी लॉजवरच्या बाईंनी विचारलं, कसं होतं प्रदर्शन? आम्हा दोघींना एका शब्दात उत्तर देता आलं नाही. एकाच दिवसात पोटात तुटलं होतं, राग आला होता, सारवणाचं कौतुक वाटलं होतं आणि कंटाळाही आला होता.

कलादालनातून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. मग ‘आपल्याला यातलं काही कळत नाही’ म्हणून आपण तो विषय संपवून टाकतो. मला वाटतं, इथं आपण स्वतःवर अन्याय करतो. प्रतिक्रिया तर आलेल्या असतात, चांगल्या चार-पाच आलेल्या असतात. कुठली कशामुळे आली एवढं सोडवायचं राहिलेलं असतं. कलाकृतीमुळे कुठली, शेजारच्या पाटीमुळे कुठली, किमतीच्या बातमीमुळे कुठली आणि निव्वळ दुखणाऱ्या पायांमुळे कुठली, हे वेगळं करता आलं की ही कला बरीच जवळ येते. आवडेलच असं नाही. पण नावडली तर का नावडली ते सांगता येतं, आणि माझ्या मते तेही थोडं नाही.

चित्र भिंतीवरून उतरलं कसं?

‘आधुनिक’ आणि ‘समकालीन’ हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात सरसकट वापरतो. चित्रकारांच्या जगात त्यांचा अर्थ वेगळा आहे. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६०-७०पर्यंतची ती आधुनिक कला. मुंबईत १९४७मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी काढलेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आपल्याकडचा तिचा मोठा टप्पा. त्यानंतरची, आजवरची ती समकालीन. आधुनिक चित्रकारांनी चेहरा वाकडा केला, आकाश लाल केलं, शेवटी वस्तूच काढून टाकली आणि नुसता रंग ठेवला. तरी ते बहुतेक वेळा कॅनव्हास आणि शिल्प यांच्यातच राहिले. समकालीन कलावंत मात्र पाणी, आवाज, भांडी, जुनी ट्रंक, स्वतःचं शरीर, काहीही हाताशी घेतो.

यामागचं एक जुनं कारण कॅमेरा. १८३९मध्ये छायाचित्रणाचं तंत्र जगासमोर आलं आणि हुबेहूब दिसणारं चित्र काढणं हे चित्रकाराचं एकट्याचं काम उरलं नाही. दुसरं कारण म्हणजे १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये झालेला एक प्रसंग. तिथं एका संस्थेनं जाहीर केलं होतं की सहा डॉलर फी भरणाऱ्या कुणाचंही काम आम्ही प्रदर्शनात लावू, निवड करणार नाही. मार्सेल द्युशां या कलावंतानं दुकानातून मुतारीचं चिनीमातीचं भांडं आणलं, आडवं ठेवलं, त्यावर ‘आर. मट’ अशी खोटी सही केली आणि ‘कारंजं’ नाव देऊन पाठवलं. निवड न करण्याचं वचन दिलेल्या संस्थेनं ते लावलं नाही. मूळ भांडं पुढे हरवलंही. आज संग्रहालयांतून दिसतात त्या द्युशां यांच्या संमतीनं नंतर करून घेतलेल्या प्रती, त्यातल्या बऱ्याच १९६४मधल्या.

दुकानातली वस्तू कला कशी होईल, हा प्रश्न आजही लोकांना छळतो. मराठी माणसाला तो इतका छळू नये असं मला वाटतं. शेताच्या बांधावरचा दगड आपण पाहिलेला असतो. तो उचलून झाडाखाली ठेवला, शेंदूर लावला, येणाऱ्याजाणाऱ्यानं हात जोडले की तो म्हसोबा होतो. दगड तोच असतो. कुणीतरी तो निवडलेला असतो, जागा बदललेली असते आणि आता चार माणसं त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघत असतात. श्रद्धा आणि कला यांची तुलना इथंच थांबवायला हवी. म्हसोबाला नवस बोलतात, द्युशांच्या भांड्याला कुणी बोलत नाही. पण वस्तू न घडवता, फक्त निवडून आणि जागा बदलून तिचा अर्थ बदलता येतो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

आपल्याकडे मांडणशिल्पाची खरी सुरुवात नव्वदच्या दशकातली, आणि तिचा एक धागा मुंबईतूनच जातो. मांडणशिल्प म्हणजे काय, ते गणपतीचे देखावे बघत वाढलेल्याला फार समजावून सांगायला नको. साध्या शिल्पाभोवती आपण फिरतो, मांडणशिल्पाच्या आत शिरतो. १९९२मध्ये नलिनी मलानी यांनी जहांगीरच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत थेट भिंतींवर चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसली गेली. विकायला काही उरलंच नाही. नंतरच्या वर्षी, मुंबईतल्या दंगलींनंतर, विवान सुंदरम यांनी रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचा वर्तमानपत्रातला फोटो घेतला. त्यावर खिळे ठोकले आणि त्याभोवती एक अख्खं स्मारक उभं केलं. फोटो छापून आला, दुसऱ्या दिवशी रद्दीत गेला. त्या माणसाला एवढीच जागा मिळावी का, या अस्वस्थतेतून ते काम झालं. इथं कॅनव्हास कमी पडला होता, म्हणून दुसरं काहीतरी करावं लागलं. पंचवीसेक वर्षांनी झुरितांनी ज्याचा तसा फोटो जगानं पाहिलाच नाही अशा मुलासाठी वखार पाण्यानं भरली. मला या दोन कामांमध्ये सख्खं नातं दिसतं.

‘हे तर मीही केलं असतं’

हे वाक्य प्रत्येक दालनात ऐकू येतं आणि त्यात खोटं काही नाही. पुष्कळ समकालीन कामं हातानं करायला अवघड नसतात. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या क्युबात जन्मलेल्या अमेरिकी कलावंताचं १९९१चं एक काम आहे. खोलीच्या कोपऱ्यात रंगीत, चकचकीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग. बस, एवढंच. आलेल्या माणसानं त्यातली एक गोळी उचलायची, हवी तर तोंडात टाकायची. हे कुणालाही करता येईल.

आता पुढचं ऐका. ढिगाचं ठरलेलं वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. कलावंताचा जोडीदार रॉस निरोगी असताना त्याचं जेवढं वजन होतं, तेवढं. रॉस १९९१मध्ये एड्सनं गेला. आजार वाढत गेला तसं त्याचं शरीर झडत गेलं. लोक एकेक गोळी उचलतात तसा ढीग झडतो. उचलणाऱ्याच्या जिभेवर गोड चव असते आणि हातात चुरगळलेला कागद असतो. संग्रहालयाला वाटलं तर ढीग पुन्हा भरता येतो. माणूस पुन्हा भरता येत नाही. गोन्झालेझ-टोरेस स्वतः १९९६मध्ये त्याच आजारानं गेले.

मी हे काम प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फोटोच पाहिलेत. तरी त्याविषयी वाचल्यापासून गोळ्यांची बरणी बघितली की मला ते आठवतं. ते मी केलं असतं का? हातानं, हो. पण मी केलं नव्हतं. अवघड भाग गोळ्या ओतण्यात नव्हताच. आपलं माणूस दिवसेंदिवस हलकं होताना बघणं आणि त्याला अचूक बसेल अशी एक साधी कृती शोधणं, तीही अशी की अनोळखी माणसं नकळत त्यात सामील होतील, हे अवघड होतं. विसर्जनासाठीच घडवलेली मूर्ती, सकाळी काढून संध्याकाळपर्यंत पुसली जाणारी ठिपक्यांची रांगोळी आपल्या घरात असते. संपण्यासाठीच केलेली गोष्ट सुंदर असू शकते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गॅलरीत गेलो की तेवढं आपण विसरतो.

उलट बाजूही सांगायला हवी. सोपी दिसणारी सगळीच कामं अशी भरीव नसतात. काहींच्या मागे खरोखरच काही नसतं. ओळखायची माझी एक कसोटी आहे: गोष्ट कळल्यानंतर समोरची वस्तू जास्त बोलू लागते की मुकी होते? गोळ्यांचा ढीग गोष्ट कळल्यावर दुपटीनं बोलू लागतो. पुष्कळ कामांत गोष्टच तेवढी चांगली असते आणि वस्तू नुसती तिच्या शेजारी पडून असते.

पाटी

पण गोष्ट कळणार कुठून? शेजारच्या पाटीवरून. आणि इथं मला मनापासून राग येतो.

मुंबईतल्या एका दालनात मी तीन जुन्या पत्र्याच्या ट्रंकांसमोर उभी होते. एक उघडी, दोन बंद. शेजारी इंग्रजीत बारीक अक्षरांतली पाटी. तिचा मराठीत अर्थ सांगायचा तर असा: ही कलाकृती उपस्थिती आणि अनुपस्थिती यांच्यातल्या सीमारेषेची चिकित्सा करते. माझ्याबरोबर एक मध्यमवयीन जोडपं होतं. त्यांनी पाटी वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि गुपचूप पुढे गेले. मी दाराशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला विचारलं, या कसल्या ट्रंका आहेत? तो म्हणाला, “मॅडम, फाळणीत त्यांचे आजोबा घेऊन आले होते. एक उघडली, बाकीच्या दोन घरात कुणी कधी उघडल्याच नाहीत.” मी पुन्हा ट्रंकांपाशी गेले. बंद झाकणांवरचा गंज, कुलपाच्या कडीला अडकलेला सुतळीचा तुकडा, सगळं बदलून गेलं होतं. महिनाभर तिथं उभ्या असलेल्या माणसाला जे दोन वाक्यांत सांगता आलं, ते पाटी लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटलं नाही. ते जोडपं तोवर जिना उतरून गेलं होतं. त्यांना नक्की वाटलं असणार की कमी आपल्यातच आहे.

पाटीची ताकद किती असते याचं उदाहरण गोळ्यांच्या ढिगाचंच आहे. २०२२मध्ये आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमधल्या त्याच्या पाटीवर रॉस कोण होता हे राहिलं नव्हतं आणि एड्सचा उल्लेखही नव्हता. लोकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी जाहीर हरकत घेतली आणि संग्रहालयानं पाटी पुन्हा बदलली. ढीग तोच होता. त्या मधल्या काळात तिथून गेलेल्या माणसानं गोळी खाल्ली असेल आणि तो खुशीत पुढे गेला असेल.

महाराष्ट्रातल्या दालनांत पाट्या मराठीतही असायला हव्यात, आणि त्या मराठीतच विचार करून लिहिलेल्या असाव्यात. इंग्रजीतल्या धुक्याचं मराठी धुकं केलं तर काही साधणार नाही. हे कशाचं आहे, कुणी कधी केलं, कशातून सुचलं, हात लावायचा की नाही, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. पाटी कळली नाही तर ती पाटी वाईट आहे, असं धरून चाला. कलाकृतीला त्याची शिक्षा नको, आणि स्वतःला तर नकोच.

किंमत

किंमत ही दुसरी पाटी. ती भिंतीवर नसते, डोक्यात असते. २०१९मध्ये मायामीतल्या एका कलामेळ्यात इटलीच्या मौरिझिओ कात्तेलान यांनी भिंतीला चिकटपट्टीनं केळं चिकटवलं आणि ते १,२०,००० डॉलरला विकलं गेलं. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक आवृत्ती ६२ लाख डॉलरला गेली. केळं सडतं, मग घेणाऱ्याला मिळतं काय? एक प्रमाणपत्र आणि केळं कसं, कुठं चिकटवायचं याच्या सूचना. माझ्या मते त्या कामात एका वाक्याएवढा विचार आहे आणि तो पहिल्या दिवशीच संपला. पण समकालीन कला म्हटलं की अनेकांना तेवढंच आठवतं, आणि मग कुठल्याही दालनात ते आधीच फसवणूक पकडायच्या तयारीनं जातात. झुरितांच्या पाण्यालाही मग त्या केळ्याचा वास येतो.

किंमत उलट दिशेनंही फसवते. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र डिसेंबर २०१३मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. त्यानंतर त्यांच्या चित्रांपुढे लोक हात जोडल्यासारखे उभे राहू लागले. नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकलेले गायतोंडे दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये एका लहानशा जागेत राहत होते आणि वर्षाला मोजकीच चित्रं करत. ते २००१मध्ये गेले. लिलावातले ते कोटी त्यांच्या वाट्याला आले नाहीत, आणि चित्रातही कुठं नाहीत.

चित्रात काय आहे, ते बघायची एक साधी युक्ती मी वापरते. समोर जे आहे ते फोनवरून घरच्या कुणाला सांगतोय असं समजायचं. ‘गूढ’, ‘भव्य’, ‘वेगळंच काहीतरी’ हे शब्द वापरायचे नाहीत, कारण फोनवरच्या माणसाला त्यातून काही दिसत नाही. गायतोंडे यांच्या चित्रापुढे मी हे केलं तेव्हा सुरुवात अशी झाली: मोठा उभा कॅनव्हास, सगळा एकाच रंगाचा. मग थांबले. एकाच रंगाचा? नाही, खाली दुसरा रंग आहे, तो मधूनमधून वर येतोय. कडा कुठंच धारदार नाहीत. हा डाग कुंचल्याचा वाटत नाही. ते रोलरनं आणि रंगपट्टीच्या सुरीनं काम करत. रंग लावत, खरवडत, कागदानं टिपून घेत, हे मी नंतर वाचलं. पण ‘हे कुंचल्याचं नाही’ हे मला वाचायच्या आधी दिसलं होतं. त्या एका शोधाचा आनंद मला अजून आठवतो. अमूर्त चित्रात कळायचं म्हणजे काही लपवलेला अर्थ उकलायचा नसतो. काय काय दिसतंय ते दिसू द्यायचं असतं, आणि त्याला वेळ लागतो. गायतोंडे यांना एक चित्र करायला महिने लागत, आपण त्याला पाच मिनिटं तरी द्यावीत.

पाच मिनिटांनंतरही काही झालं नाही तर खुशाल पुढे जावं.

नावडण्याचा हक्क

कोचीच्या त्या दिवसाकडे परत येते. पिरॅमिड मला का भिडला नाही, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. विषय माझ्या जवळचा होता. हाकलून दिलेले कवी, त्यांचे आवाज. तरी मी कोरडीच बाहेर आले. एक कारण अगदी शारीरिक होतं. आम्ही नुकत्याच पाण्यातून आलो होतो, आत्याच्या साडीचा काठ ओला होता, दोघींच्याही मनात तो मुलगा होता. त्यानंतर जे आलं असतं ते फिकंच वाटलं असतं. बिएनालेसारख्या प्रदर्शनात एका दिवसात पन्नास कामं बघायची म्हणजे एका पंगतीत पन्नास पक्वान्नं वाढल्यासारखं आहे. पंधराव्याला चव राहत नाही. त्यात व्हिडिओचं काम चाळीस मिनिटांचं आणि बसायला एकच बाक, हा तर मांडणाऱ्यांचाच दोष. आता मी एका दिवशी सहा-सात कामांपलीकडे बघत नाही.

पण दुसरं कारण त्या कामातच होतं, आणि ते मला दोन वर्षांनी कळलं. २०१८-१९च्या बिएनालेसाठी मी एकटीच पुन्हा कोचीला गेले. तिथं मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं काम होतं. विषय जवळजवळ तोच: लिहिलं म्हणून तुरुंगात टाकलेले शंभर कवी, आठव्या शतकापासून आजपर्यंतचे. अंधुक दालनात शंभर धातूच्या सळया, प्रत्येकीच्या टोकात एकेक कागद खुपसलेला, कागदावर त्या कवीच्या ओळी. प्रत्येक कागदावर वरून लटकणारा एकेक मायक्रोफोन. पण हे माइक ऐकत नाहीत, बोलतात. एका माइकमधून एक ओळ येते, आणि मग उरलेले नव्याण्णव ती ओळ एकसुरात परत म्हणतात. बऱ्याच भाषा मला येत नव्हत्या. तरी मी तासभर तिथं होते.

पिरॅमिडमध्येही आवाजच होते, भाषाही अनोळखीच होत्या. मग फरक कशाचा पडला? पिरॅमिडमध्ये मला ठेचकाळायची भीती वाटत होती, लक्ष सगळं पायांकडे होतं. ती भीती हद्दपारीची आहे असं कुणी म्हणेल, आणि कदाचित कलावंताला तेच हवं असेल. मला मात्र ती अंधाराचीच वाटली. त्या भीतीतून कवींपर्यंत पोचायची वाट मला सापडली नाही. गुप्ता यांच्या दालनात प्रत्येक वस्तूला काम होतं. कागद सळईनं भोसकलेला होता, म्हणजे शिक्षा दिसत होती. ज्या यंत्रात बोलायचं, तेच आता बोलत होतं. आणि एकट्याची ओळ नव्याण्णव जण उचलत होते तेव्हा अंगावर काटा येत होता, कारण लिहिल्याची शिक्षा मात्र त्या एकट्यालाच झाली होती. सळयांच्या मधून चालताना एखाद्या कागदापाशी थांबलं की तोच माइक गप्प असायचा आणि आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून यायचा. आपण सारखे उशिरा पोचतोय असं वाटायचं.

आत्याचा पाण्याबद्दलचा राग मला याच वेळी नीट कळला. “हे काय बरं नाही केलं” असं ती म्हणाली, तेव्हा तिला काम आवडलं नाही असं मी धरलं होतं. पण ती मधूनच परत फिरली नव्हती. पिरॅमिडमधून पाच पावलांत फिरलेली बाई पाण्यातून शेवटच्या भिंतीपर्यंत गेली होती, मी सांगितलं तो मजकूर तिनं दोनदा ऐकला होता. तिचा राग त्या कामातून आलेला होता. व्हिडिओच्या खोलीतला कंटाळा दुखणाऱ्या पायांचा होता. दोन्ही ‘आवडलं नाही’ या एकाच खात्यात टाकले असते तर तिच्यावर आणि झुरितांवर, दोघांवरही अन्याय झाला असता.

माइकच्या त्या दालनातून बाहेर आल्यावर मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. सळया, कागद, उलटे बोलणारे माइक. तिनं मध्ये मध्ये विचारलं, कागद कसला, साधा का जाड? टोक कागदाच्या आरपार गेलंय का नुसतं टेकवलंय? सांगता सांगता मलाच काही गोष्टींची खात्री वाटेना, म्हणून मी फोन चालू ठेवून परत आत जाऊन बघून आले. आरपार गेलं होतं.

“आणि पाणी?” तिनं विचारलं.

“यंदा पाणी नाही, आत्या.”

“बरं.” मग जरा वेळ ती गप्प होती. “त्या पोराचं नाव काय होतं गं? थोरल्याचं?”

“गालिब,” मी म्हटलं.